वाचकांचे प्रश्न : फौजीच्या घरातलं मन

मागच्या अंकात मी एक छोटं टिपण लिहिलं होतं, सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनाच्या तब्येतीवर जगात काय काय संशोधन झालंय त्यावर, आणि शेवटी लिहिलं होतं की कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. खरंतर वाटायला हवं होतं, कारण आपल्या नाशिकला फौज काही परकी नाही, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर, देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल, आणि सिन्नर निफाड चांदवडच्या गावागावातून भरती झालेली पोरं. माझे वडील तोफखान्यातच होते, सुभेदार म्हणून रिटायर झाले, आणि पुढे मी वीसेक वर्षं एका शाळेत समुपदेशक होते, तिथे दर वर्गात फौजींची मुलं असायचीच. म्हणून हा विषय माझ्यासाठी घरचाच आहे. सगळ्यांची नावं काढून टाकलीत, गाव फक्त तालुक्यापुरतं ठेवलंय.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर अकरा महिन्यांनी सुट्टीवर आलेत. दीड एकर द्राक्षबाग मी आणि सासरे बघतो, गोडी छाटणी झाली आणि नेमका पाऊस झाला, डाऊनी रोग येईल म्हणून मी दुकानदाराला विचारून फवारण्या घेतल्या, सगळं वहीत लिहून ठेवलंय तारखेसकट. हे आले आणि चौथ्या दिवशी वही उघडून म्हणाले एवढं औषध कशाला मारलं, तुला काय कळतं, आणि माझ्या हिशोबावर पेनाने काट मारली. मी दोन दिवस बोलले नाही. रात्री ते झोपत नाहीत, दीड दोनला उठून बागेत चक्कर मारून येतात. घरात पाहुणा आल्यासारखं वाटतं, आणि जायचा दिवस जवळ आला की मलाच रडू येतं. माझंच काही चुकतंय का? (निफाड तालुका)

उत्तर : नाही, तुमचं काही चुकत नाहीये, आणि त्यांचंही वाईट मन नाहीये, हे आधी सांगते. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्या वहीवरच्या काटेपाशी दर वेळी थांबले. कारण ती वही म्हणजे तुमचे अकरा महिने आहेत हो. कुणी घरात नव्हतं तेव्हा तुम्ही आभाळाकडे बघून निर्णय घेतले, चुकले असते तर वर्षाचं पीक गेलं असतं, आणि त्याच्यावर कुणीतरी एका फटक्यात रेघ मारली. लागणारच मनाला.

आता त्यांच्या बाजूने बघा. अकरा महिने त्या माणसाला प्रत्येक गोष्ट ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने करायची सवय लागलीय, ड्युटीवर चूक म्हणजे कुणाचातरी जीव. तो माणूस घरी येतो आणि बघतो की त्याच्याशिवाय सगळं चाललंय. बाग चाललीय, पोरं शाळेत जातायत, म्हातारी औषधं वेळेवर घेतेय. आनंद होतो पण पोटात कुठेतरी खड्डाही पडतो की मग माझी जागा कुठली? मग तो जागा शोधायला लागतो, आणि सगळ्यात जवळ असते ती वही.

माझ्या वडिलांची काळी ट्रंक होती, झाकणावर पांढऱ्या पेंटने नंबर, रँक, नाव. आले की पहिल्या संध्याकाळी ट्रंक उघडायचे, घरभर डांबरगोळ्यांचा वास, आणि दुसऱ्या दिवशी फडताळातले डबे हलवायचे. तुपाचा डबा वरून खाली, पिठाचा खालून वर. आई एक शब्द बोलायची नाही. सुट्टी संपली की आम्ही सगळे नाशिकरोड स्टेशनला सोडायला जायचो, आणि परत आल्याआल्या आई चप्पलसुद्धा नीट न काढता पहिले ते डबे जागेवर लावायची, मग चहा ठेवायची, आणि चहा उकळताना रडायची. मला ते कळायला माझं अर्धं आयुष्य गेलं, दोन्ही खरं होतं, डब्यांचा रागही आणि रडणंही.

नवरा जिवंत आहे, फोनवर आहे, पण घरात नाही, या अवस्थेला संशोधनात नाव आहे. पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि त्यातून 'अस्पष्ट वियोग' अशी कल्पना मांडली, म्हणजे माणूस शरीराने नाही पण मनात सतत आहे, त्यामुळे धड दुःखही करता येत नाही आणि धड निवांतही होता येत नाही. त्यांनी उलटा प्रकारही सांगितलाय, माणूस समोर बसलाय पण मनाने अजून आलेला नाही. तुमच्या घरी सध्या हा दुसरा प्रकार चालू आहे असं मला वाटतं.

आणि तुमच्या त्रासाला कुणी 'बायकांचं रडगाणं' म्हणत असेल तर त्यांना हे सांगा. २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास छापून आला, अमेरिकन आर्मीतल्या जवळपास अडीच लाख सैनिकांच्या बायकांचे दवाखान्याचे रेकॉर्ड त्यांनी तपासले. नवरा मोहिमेवर गेलेला नव्हता अशा बायकांपेक्षा १ ते ११ महिने गेलेला होता अशा बायकांमध्ये डिप्रेशनच्या केसेस दर हजारी साधारण २७ नी जास्त, आणि ११ महिन्यांच्या वर गेला तर साधारण ३९ नी जास्त. झोपेच्या तक्रारी, चिंता, तेही वाढलेलं. आकडे अमेरिकेचे आहेत, तिकडे एकटं राहणं जास्त, आपल्याकडे सासूसासरे दीर जाऊ असतात, त्याचा आधारही असतो आणि कधीकधी ओझंही, म्हणून आकडा जसाच्या तसा उचलू नका. पण जितका काळ लांबतो तितका भार वाढतो, एवढं त्यातून साफ दिसतं आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

करायचं काय? भांडण नको म्हणून वही लपवू नका. उलट शांत वेळ बघून, शक्यतो बागेतच चालता चालता, त्यांना सांगा की ही वही माझी आहे, तुम्ही गेल्यावर मलाच बघायची आहे, तुम्हाला काही वेगळं वाटत असेल तर बाजूला लिहा पण काट मारू नका. आणि त्यांना एक काम पूर्ण सोपवून टाका, ड्रिपची दुरुस्ती म्हणा, मुलाला सायकल शिकवणं म्हणा, त्यात तुम्ही अजिबात लक्ष घालायचं नाही. कर्ज, जमीन, लग्नाची बोलणी असले मोठे निर्णय पहिल्या आठवड्यात काढू नका, सासऱ्यांनाही तेवढं सांगून ठेवा.

रात्रीच्या चकरांचं म्हणाल तर ज्या माणसाने महिनोन्महिने रात्रीची पहाऱ्याची ड्युटी केलीय त्याच्या शरीराला रात्र म्हणजे झोप हे पुन्हा शिकायला वेळ लागतो, दहाबारा दिवस द्या. पण भयानक स्वप्नं, फटाक्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या आवाजाने दचकून अंगावर येणं, एखाद्या प्रसंगाचा विषयच टाळणं, रोज दारू, हे महिनाभर चाललं तर ती नुसती सवय नाही, डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे. आणि जगायलाच नको अशी भाषा एकदा जरी ऐकू आली तर महिना सोडा, त्याच दिवशी बोला. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तुम्हीही करू शकता, त्यांनीच करायला हवा असं नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे, देवळाली कॅम्पला राहतो. नेटवर वाचलं की इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे वेडा आणि तो शब्द आमच्या देवळालीवरून आला. हे खरं आहे का? मित्र चिडवतात.

उत्तर : खरं आहे बाळा, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १८६१ मध्ये इंग्रजांनी देवळालीला ट्रान्झिट कॅम्प काढला. नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जायच्या बोटीसाठी तिथे थांबायचे. बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटायच्या, म्हणजे ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली तो अडकला, महिनोन्महिने, काम नाही, ऊन, मलेरिया, दारू, आणि घर तर समोर दिसतंय पण जाता येत नाही. त्यात काहीजणांचं डोकं बिघडायचं. त्याला ते 'देवळाली टॅप' म्हणायचे, आणि तो टॅप म्हणजे आपला ताप बरं का, साधा आपला ताप. पुढे टॅप गळाला आणि डूलाली राहिलं.

मित्रांना हे सांग की तुमच्या आमच्या गावाने कुणाला वेडं केलं नाही, त्या माणसांना वाट बघण्याने आजारी केलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ ला, चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय मासिकात छापला त्याच्या कितीतरी आधी आपल्या देवळालीत साध्या शिपायांनी स्वतःच्या त्रासाला स्वतःच नाव दिलं होतं. आणि आज जो पीटीएसडी म्हणतात, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघाताचा आजार, तो तर अधिकृत यादीत यायला १९८० साल उजाडलं. एखाद्या गावाचं नाव अशा गोष्टीशी जोडलेलं असेल तर त्या गावातल्या पोरांनी हा विषय जास्त समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची. पप्पांचा व्हिडिओ कॉल आला की आतल्या खोलीत निघून जाते, अभ्यासात मागे पडलीय, धाकटा मात्र मजेत आहे. ते म्हणतात तू तिला माझ्याबद्दल काहीतरी सांगतेस. (नाशिकरोड)

उत्तर : ताई, तुम्ही काही सांगत नसणार हे मला माहितीये, आणि हे असं धाकट्यापेक्षा मोठ्या मुलीत दिसणं हेही नवीन नाही. २०१० मध्येच पीडियाट्रिक्स या मासिकात ११ ते १७ वयाच्या सुमारे दीड हजार अमेरिकन फौजी मुलांचा अभ्यास आला होता. त्यात मोठ्या वयाची मुलं आणि सगळ्या वयाच्या मुली यांना वडील किंवा आई मोहिमेवर असताना जास्त अडचणी येतात असं दिसलं. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, जी फौजी आईबापांनी भिंतीवर लावावी अशी आहे, घरी राहिलेल्या पालकाचं मन जितकं खचलेलं तितक्या मुलाच्या अडचणी जास्त, वडील लांब असतानाही आणि परत आल्यावरही. म्हणजे मुलीची काळजी वाटत असेल तर आधी तुमची झोप किती होते ते मला कळवा. शेवटचं तुम्ही स्वतःसाठी बाहेर कधी गेलात? हे वरवरचं विचारत नाहीये.

ब्रिटनमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात तर वडील इराक अफगाणिस्तानला गेले एवढ्यानेच मुलांच्या वागण्यात फरक पडलेला दिसला नाही, फरक दिसला तो वडिलांना पीटीएसडी असण्याची शक्यता होती तिथे. म्हणून तुमच्या मिस्टरांनाही सांगा, लांब असल्याचा गुन्हा त्यांनी स्वतःवर घेऊ नये, फक्त स्वतःच्या मनाकडे बघावं.

शाळेत माझ्याकडे अशी एक मुलगी यायची. तिने सांगितलं होतं, मॅडम, पप्पा फोनवर विचारतात अभ्यास झाला का, जेवली का, मम्मीला त्रास देत नाही ना, तीन प्रश्न झाले की म्हणतात मम्मीला दे. ती ते तीन प्रश्न बोटांवर मोजायची. तुमच्या घरी काय होतं ते बघा. व्हिडिओ नको असेल तर व्हॉइस मेसेज चालेल, किंवा त्यांनी तिला तिच्या एकटीच्या नावाने चार ओळींचं पत्र लिहावं, खरंखुरं कागदावर, ज्यात अभ्यासाचा 'अ' नको. मुलं पत्रं जपून ठेवतात. वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांगून ठेवा.

प्रश्न : सतरा वर्षं नोकरी करून नायक म्हणून आलो, वय छत्तीस. आता कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. पगार पेन्शन ठीक. पण मन लागत नाही, बायको म्हणते तुम्ही घरात अजून हजेरीच घेताय. सर्व्हिसमध्ये असताना एकदा डॉक्टरकडे जायचं मनात आलं होतं पण मेडिकल कॅटेगरी पडेल, म्हणजे तब्येतीचा दर्जा खाली येईल, म्हणून गेलो नाही. आता जाऊन काय उपयोग? (सिन्नर)

उत्तर : दादा, उपयोग आहे. तुम्ही एवढं स्वतःहून लिहिलंत हेच किती मोठं आहे ते मी जाणते, माझ्या वडिलांनी असं एक वाक्य आयुष्यात लिहिलं नाही.

कॅटेगरीची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. सैन्यात तब्येतीला शेप नावाचा जो दर्जा देतात त्यातला 'एस' म्हणजे मानसिक तब्येत, तो खाली आला की हत्याराची ड्युटी, कोर्स, प्रमोशन सगळ्याचा विचार माणूस करतो, पोटाचा प्रश्न असतो. टेम्पररी कॅटेगरी ठराविक काळाने परत तपासली जाते आणि वरही येते, हे मात्र बराकीत कुणी सांगत नाही, पडलेली तेवढी सांगतात. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. २००४ साली इराक अफगाणिस्तानहून आलेल्या अमेरिकन सैनिकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात ज्यांना चाचणीत मानसिक त्रास दिसत होता त्यांच्यापैकी फक्त २३ ते ४० टक्के लोकांनी मदत घेतली होती. लोक मला कमजोर समजतील ही भीती ज्यांना त्रास होता त्यांनाच जास्त होती, साधारण दुप्पट. म्हणजे ज्याला गरज तोच मागे सरतो.

आणि रिटायर झाल्यावर बिघडणं, हेही तुमच्या एकट्याचं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधलं एक सेंटर इराक युद्धापासून ब्रिटिश सैनिकांच्या मोठ्या गटाला वर्षानुवर्षं परत परत विचारत आलंय. २०१८ च्या त्यांच्या अहवालात एकूण सैनिकांमध्ये पीटीएसडीचं प्रमाण ६ टक्के होतं, पण जे प्रत्यक्ष लढाईच्या भूमिकेत होते आणि आता नोकरी सोडून आलेत त्यांच्यात १७ टक्के. नोकरीत असताना आजूबाजूला जोडीचा बडी असतो, पीटी असते, लंगर असतो, कुणीतरी ओये म्हणून हाक मारतं. गेटवरच्या खुर्चीत बारा तास एकटं बसलं की ते सगळं एकदम जातं. माणूस घरात हजेरी घेतो कारण त्याला त्याची पलटण आठवते, असं मला वाटतं.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच तुमचं, २००३ पासून ही योजना आहे, पॉलिक्लिनिकला जाऊन झोप लागत नाही एवढं जरी सांगितलंत तरी पुढे मानसोपचाराचं रेफरल मिळतं. आता कॅटेगरी पडायला काही उरलेलं नाही दादा, पेन्शन त्याच्याने हलत नाही. आणि आठवड्यातून एकदा तरी तुमच्यासारख्या चार जुन्या लोकांत बसा, सिन्नरला माजी सैनिक कमी नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे क्वार्टरमध्ये एका कॉलेजची मुलगी फॉर्म घेऊन आली होती, फौजी बायकांवर संशोधन करतेय म्हणाली. प्रश्न असे की गेल्या दोन आठवड्यात किती दिवस उदास वाटलं वगैरे. मी सगळीकडे 'अजिबात नाही' लिहून दिलं. बरोबर केलं ना? (देवळाली)

उत्तर : घाबरून केलंत ते समजू शकते, पण मला वाईट वाटलं. असे नऊ प्रश्नांचे फॉर्म जगभर वापरतात, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, बेरीज सत्तावीसपर्यंत, त्यावरून डिप्रेशन किती ते कळतं. दहा बायकांनी सगळं छान लिहिलं की कागदावर दहा घरं सुखी दिसतात, आणि मग समुपदेशक कशाला हवा, लहान मुलांसाठी सोय कशाला हवी, असं वरच्यांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

अमेरिकेत 'मिलेनियम कोहॉर्ट' म्हणून एक अभ्यास २००१ पासून चालू आहे, त्याच त्याच सैनिकांना दर काही वर्षांनी विचारतात, दोन लाखांच्या वर लोक आहेत त्यात, आणि २०११ पासून त्यांच्या जोडीदारांनाही घेतलं. म्हणजे दहा वर्षांनी का होईना पण तिकडच्यांना कळलं की घर मोजल्याशिवाय सैनिक मोजून होत नाही. आपल्याकडे संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओची दिल्लीतली डीआयपीआर ही संस्था सैनिकांच्या मानसशास्त्रावर काम करते. सैन्यासाठी टेलिमानसचा वेगळा सेल डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या सैन्याच्या मेडिकल कॉलेजात सुरू झाला. सोयी येतायत, पण त्या कुणासाठी किती लागतात हे आपणच सांगायचं असतं.

मात्र कुणीही दारात आलं म्हणून भरू नका हे तितकंच खरं. आधी विचारा की एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नीतीला धरून आहे का ते तपासणाऱ्या समितीची, परवानगी आहे का, ते पत्र दाखव. संमतीचा कागद मराठीत हवा, त्यात लिहिलेलं हवं की नाव गुप्त राहील आणि मधेच नको म्हणायची मुभा आहे, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे. क्वार्टरमध्ये फिरायला लष्करी स्टेशनची परवानगी घेतलीय का तेही विचारा. आणि मिस्टर कुठल्या युनिटला, कुठे, कधी मूव्ह होणार, असला प्रश्न फॉर्मवर असेल तर सरळ परत द्या, मनाच्या अभ्यासाला त्याची गरज नसते. हे सगळं नीट असेल तर मग खरं लिहा. ती मुलगी परत आली तर नवा फॉर्म मागून घ्या.

प्रश्न : पोरगा अग्निवीर झाला. वर्षाला तीसच दिवस सुट्टी. फोन आला की मी बाप असून काय बोलावं सुचत नाही, 'बरा आहेस ना' म्हणतो आणि ठेवतो. (चांदवड)

उत्तर : भाऊ, 'बरा आहेस ना' विचारलं की तो 'हो' म्हणणारच, दुसरं काय म्हणेल, शेजारी चार पोरं उभी असतात. त्याला विचारू नका, तुम्हीच सांगा. कांद्याला काय भाव लागला, म्हैस व्याली का, पारड्याचं तोंड कसं आहे, विहिरीला पाणी कुठवर आलंय. सुट्टी कधी मिळणार हे दर फोनला विचारू नका, ते त्याच्या हातात नसतं आणि त्याचाच जीव जास्त तुटतो. म्हशीचं सांगून झालं की थोडं गप्प बसा, फोन लगेच ठेवू नका.